मागच्या पानांवरचा विषय

दहावीच्या इतिहास व राज्यशास्त्राच्या लेखी पेपरला ४० गुण असतात. २८ इतिहासाचे, उरलेले १२ राज्यशास्त्राचे. आठवीपर्यंत ज्याला नागरिकशास्त्र म्हणतात आणि नववीपासून जो राज्यशास्त्र या नावानं ओळखला जातो, त्या विषयाची महाराष्ट्राच्या शाळेतली पत सांगणारा हा अधिकृत आकडा. पुस्तकातही हा विषय मागेच बसलेला. आधी इतिहासाचे पाठ, ते संपले की हे. फेब्रुवारी लागला की शाळाशाळांत पोर्शन उरकायची धांदल उडते आणि तेव्हा कात्री आधी कुठल्या पानांवर चालते, हे कुणा शिक्षकाला विचारायची गरज नाही.

ही पानं छापणारी संस्था म्हणजे बालभारती. पाटीवरचं नाव लांबलचक आहे: महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, पुणे. स्थापना २७ जानेवारी १९६७, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी. बालभारतीची वाटचाल सांगायला बसलं की माणसं कवितांवर येतात, जुन्या चित्रांवर येतात, १९७१च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या 'किशोर' मासिकावर येतात. त्या आठवणी खऱ्या आहेत आणि गोडही आहेत. मात्र आपला नागरिक कसा असावा, हे या राज्यानं कागदावर कसं उतरवलं ते पाहायचं असेल, तर नागरिकशास्त्राची मागची पानंच चाळावी लागतात. मी ती भोकरच्या बाजूनं चाळतो आहे, कारण पुण्यातल्या पुस्तकाला जी परीक्षा द्यावी लागते ती भोकरसारख्या ठिकाणी द्यावी लागते.

भोकर हे नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं. पलीकडे भैंसा, निर्मल, म्हणजे तेलंगण. बाजाराच्या दिवशी मराठी, दख्खनी उर्दू, तेलुगू आणि तांड्यांवरची गोरमाटी अशा चार बोली एकाच रस्त्यावर ऐकू येतात. इथलं एखादं घराणं जागचं न हलता चार राज्यांत राहून आलं आहे: निजामाचं हैदराबाद संस्थान, १९४८नंतरचं हैदराबाद राज्य, १९५६चं द्विभाषिक मुंबई आणि १९६०पासूनचा महाराष्ट्र.

निजामाच्या काळात शाळेच्या पायऱ्या होत्या तहतानिया, वस्तानिया, फौकानिया. वरच्या वर्गांत उर्दू हेच माध्यम. १९१८मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमात निघालं तेव्हा देशी भाषेतलं उच्च शिक्षण म्हणून त्याचं कौतुक झालं. ते कौतुक रास्तही होतं, फक्त मराठी, तेलुगू आणि कानडी मुलांच्या दृष्टीनं ती देशी भाषा दुसऱ्याची होती. त्याच सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानातल्या शाळांत विल्यम ली-वॉर्नर या मुंबई इलाख्यातल्या सनदी अधिकाऱ्याचं १८९७चं 'द सिटिझन ऑफ इंडिया' हे पुस्तक वाचलं जात होतं. नाव नागरिकाचं, धडे राज्याशी निष्ठेचे. हैदराबाद संस्थानात तेवढाही आव नव्हता. इथे माणसाची ओळख मुल्की की गैरमुल्की यावर ठरे. १९१९च्या फर्मानानं सरकारी नोकरीसाठी मुल्की असणं आवश्यक केलं. जन्म संस्थानातला हवा किंवा किमान १५ वर्षांचं वास्तव्य हवं. सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ हे परिपत्रक आडवं येई. सभेचा हक्क काय असतो, हे मराठवाडा पुस्तकातून शिकण्याआधी तो नाकारला गेल्यामुळे शिकला. भोकरशेजारच्या उमरीत ३० जानेवारी १९४८ला स्वातंत्र्यसैनिकांनी बँकेवर छापा घातला, तो याच शिक्षणाचा एक धडा म्हणावा लागेल. गांधीजींची हत्या झाली तोही हाच दिवस. नांदेडकडच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात या दोन्ही गोष्टी एकदमच येतात.

मग आली १ नोव्हेंबर १९५६. भाषावार प्रांतरचनेत नांदेड जिल्ह्यातला मुधोळ-भैंसाचा भाग आंध्रात गेला आणि आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका नांदेडला मिळाला. ज्या भैंशात भोकरची माणसं सोयरीक करत, कापूस विकत, तिथल्या मुलांचं पाठ्यपुस्तक त्या दिवसापासून वेगळं झालं. महाराष्ट्रात १ मे १९६२पासून जिल्हा परिषद आणि पंचायत समिती आल्या, प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या ताब्यात गेल्या. आंध्रात ऐंशीच्या दशकात एन. टी. रामाराव यांच्या सरकारनं तालुके मोडून मंडल केले. आज भोकरचं सहावीतलं मूल पंचायत समिती शिकतं आणि पन्नासेक किलोमीटरवरचं त्याचं मामेभावंड मंडल परिषद शिकतं. दिवाळीत दोघं एकत्र आले तर दोघांच्या गावचे रस्ते सारखेच खराब असतात, तक्रार मात्र वेगवेगळ्या कचेरीत द्यावी लागते. नागरिकशास्त्राचा पहिला पाठ खरं तर हाच असायला हवा.

बालभारतीचा जन्म कोठारी आयोगाच्या शिफारशींच्या वातावरणातला. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. पाठ्यपुस्तकांची निर्मिती राज्यानं हाती घ्यावी, दर्जा आणि किंमत दोन्ही सांभाळाव्यात, असा आयोगाचा आग्रह होता. त्याआधी खासगी प्रकाशकांची पुस्तकं खात्याची मंजुरी घेऊन चालत. आचार्य अत्र्यांची नवयुग वाचनमाला हे त्यातलं सगळ्यांना आठवणारं नाव. आता विषय समिती, अभ्यासगट, समीक्षक, संपादन, मग अनुवाद अशी साखळी उभी राहिली. मराठीत ठरलेला पाठ उर्दू, हिंदी, इंग्रजी, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी अशा भाषांत जाऊ लागला. भोकरसारख्या गावी मराठी शाळेतलं आणि उर्दू शाळेतलं मूल एकच ग्रामपंचायत दोन लिपींत वाचतं, ही या संस्थेची मोठी आणि फारशी न बोलली गेलेली कमाई आहे. गोरमाटी मात्र या यादीत नाही. तांड्यावरच्या मुलाला नागरिक व्हायच्या आधी मराठी व्हावं लागतं.

या पुस्तकांच्या पहिल्या पानांवर प्रतिज्ञा आहे. ती पाठ नसलेला मराठी माणूस सापडणं कठीण. ती कुणी लिहिली हे सांगणारा सापडणं त्याहून कठीण. १९६२मध्ये विशाखापट्टणमला कोषागार अधिकारी असलेल्या पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती तेलुगूत लिहिली. हे गृहस्थ नलगोंडा जिल्ह्यातल्या अन्नेपर्तीचे, म्हणजे भोकरसारखेच जुन्या हैदराबाद संस्थानातले. १९६३मध्ये विशाखापट्टणमच्या एका शाळेत ती प्रथम म्हटली गेली. पुढच्या वर्षी बंगळुरात केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक झाली, अध्यक्षस्थानी त्या वेळचे शिक्षणमंत्री एम. सी. छागला होते, आणि २६ जानेवारी १९६५पासून ती देशभरच्या शाळांत गेली. सुब्बाराव १९८८मध्ये वारले. आपलं लेखन कोट्यवधी मुलांच्या तोंडी आहे, ही गोष्ट त्यांच्या घरच्यांना कळली तीही उशिरा.

पहिल्या काही दशकांतलं नागरिकशास्त्र आकड्यांचं होतं. ग्रामपंचायतीत किमान ७ आणि कमाल १७ सदस्य, जिल्हा परिषदेत किमान ५० आणि कमाल ७५, अमुक पदासाठी किमान वय इतकं, तमुक सभागृहाची मुदत इतकी. रिकाम्या जागा भरा आणि जोड्या लावा यांना हा ऐवज फार सोयीचा. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीनं उद्देशिकेत शब्द वाढवले, मूलभूत कर्तव्यं आणली. पुस्तकात ती आली. १९८९मध्ये मतदानाचं वय २१वरून १८वर आलं, पुस्तकातला आकडा बदलला. ७३वी घटनादुरुस्ती १९९३मध्ये अमलात आली, तिचाही परिच्छेद जोडला गेला. दिल्लीत काही घडलं की मागच्या पानांवर दुरुस्ती होई. गावात काही घडलं तर होत नसे.

गावात काय घडत होतं? २७ जुलै १९७८ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, माणसं मारली गेली. नांदेड जिल्हा त्यात होरपळलेल्यांपैकी एक. बालभारती तेव्हा ११ वर्षांची होती. तिच्या पहिल्या पुस्तकांवर शिकलेली मुलं विशीच्या आसपास पोहोचली होती. अस्पृश्यता कायद्यानं नष्ट केली आहे, हे वाक्य त्यांनी परीक्षेत लिहिलेलं होतं. अभ्यासक्रमावर सगळा दोष टाकणं अन्यायाचं होईल, शाळेबाहेर घर असतं, जात असते, पुढारी असतात. तरी पाठ केलेलं नागरिकत्व किती पातळ असू शकतं, याचा एवढा उघड पुरावा मराठवाड्यानं दुसरा पाहिलेला नाही. तोडगा निघायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं.

सत्तेपासून भोकर लांब होतं म्हणून या विषयाकडे दुर्लक्ष झालं, असं कुणी म्हणू नये. या मतदारसंघाशी नातं असलेले शंकरराव चव्हाण आणि अशोकराव चव्हाण असे पिता-पुत्र राज्याचे मुख्यमंत्री झाले; शंकरराव १९८०-८१मध्ये केंद्रात शिक्षणमंत्रीही होते. विषयाची जागा तरीही मागेच राहिली, कारण ती ठरवतं गुणपत्रक, आणि गुणपत्रक ठरवतात गणित-विज्ञानाकडे डोळे लावून बसलेले पालक. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांच्या बाजारपेठेत नागरिकशास्त्राचा क्लास कुणी काढल्याचं ऐकिवात नाही.

बदल सुरू झाला तो एकविसाव्या शतकात. प्रा. यशपाल यांच्या नेतृत्वाखालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं २००५मध्ये नागरिकशास्त्र या विषयाची वंशावळच काढली: ब्रिटिशांनी तो राजनिष्ठा ढळण्याच्या भीतीपोटी आणला, त्यातून आज्ञाधारकपणा शिकवला गेला, आता विद्यार्थ्याला प्रश्न विचारता आले पाहिजेत. मराठवाड्यात एक वेगळा प्रयोगही याच दशकात झाला. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडची सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेणारे शांतिलाल मुथ्था यांनी २००९मध्ये बीड जिल्ह्यातल्या सुमारे ५०० शाळांत 'मूल्यवर्धन' सुरू केलं. वेगळं पुस्तक पाठ करणं नाही, मुलांनी जोडीत आणि गटात बसून बोलायचं, नियम आपणच ठरवायचे, ते का ठरवले ते सांगायचं. पाया संविधानातल्या मूल्यांचा. पुढे तो उपक्रम राज्य शासनाच्या साथीनं जिल्ह्याबाहेर पसरला. त्याच्या यशाचे दावे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट त्यानं दाखवून दिली. दुसरीतल्या मुलाला न्याय म्हणजे काय हे कळतं, कारण खाऊची वाटणी चुकली की सगळ्यात आधी तेच ओरडतं.

बालभारतीची स्वतःची मोठी झेप २०१६ ते २०१८ या तीन वर्षांतली. इतिहास विषय समितीचे अध्यक्ष डॉ. सदानंद मोरे, नागरिकशास्त्र समितीचे डॉ. श्रीकांत परांजपे. त्या वेळी वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला तो इतिहासाचा: सातवीत मुघलांची पानं कमी झाली, नववीत आणीबाणी आणि बोफोर्स आले. मागच्या पानांवर काय झालं हे कुणी फारसं पाहिलं नाही, आणि माझ्या मते चांगलं काम तिथेच झालं होतं. सहावीत स्थानिक शासन संस्थांच्या आधी समाजजीवन आणि समाजातली विविधता यांचे पाठ आले. सातवीची सगळी मागची पानं संविधानाला दिली गेली: ओळख, उद्देशिका, वैशिष्ट्यं, मूलभूत हक्कांचे दोन पाठ, मग मार्गदर्शक तत्त्वं आणि कर्तव्यं. आठवीत संसद, न्यायव्यवस्था, राज्यशासन आणि चक्क नोकरशाही. दहावीत निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी आणि लोकशाहीसमोरची आव्हानं. शेतकऱ्यांची चळवळ, आदिवासींची, स्त्रियांची, ग्राहकांची. सरकारच्याच पुस्तकात सरकारला जाब विचारणाऱ्यांना जागा मिळाली. आठवीच्या इतिहासात हैदराबाद मुक्तिसंग्राम आणि मराठवाड्याचं योगदान ठळक आलं. आमच्याकडची जुनी तक्रार होती की पुण्याच्या पुस्तकात १५ ऑगस्ट असतो, हैदराबाद मुक्तीचा १७ सप्टेंबर नसतो. ती पुरती मिटली नाही, पण बोथट झाली.

एक खोट तेव्हाही राहिली आणि ती मला बारीक वाटत नाही. वरच्या वर्गांच्या अनेक पुस्तकांत, मग ते गणिताचं का असेना, सुरुवातीच्या पानावर नागरिकांची ११ मूलभूत कर्तव्यं छापलेली असतात. हक्कांना ते भाग्य नाही. ते सातवीत भेटतात आणि भेट संपते.

ही पुस्तकं मराठवाड्याच्या या भागात लातूरच्या भांडारातून येतात, पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात उतरतात, तिथून केंद्रात, केंद्रातून शाळेत. पहिली ते आठवीच्या मुलांना ती मोफत मिळतात. शाळा जिल्हा परिषदेची, गुरुजी जिल्हा परिषदेचे, दुपारच्या खिचडीची देखरेख पंचायत समितीची. सहावीतल्या 'ग्रामीण स्थानिक शासन संस्था' या पाठाला याहून चांगली प्रयोगशाळा कुठली? आता पुढचं पाहा. २०२२च्या मार्चमध्ये नांदेडसह राज्यातल्या बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा खटला, गट-गणांच्या रचनेचे वाद, निवडणुका पुढे पुढे. कारभार प्रशासकाकडे गेला. २०२२च्या जूनमध्ये भोकर तालुक्यात सहावीत बसलेल्या मुलानं पुस्तकात वाचलं की जिल्हा परिषदेची निवडणूक दर पाच वर्षांनी होते, अध्यक्ष असतो, विषय समित्या असतात. ते मूल सातवीत गेलं, संविधान शिकलं. आठवीत गेलं, राज्यशासन शिकलं. २०२५च्या जूनमध्ये ते नववीत पोहोचलं तेव्हाही त्याच्या शाळेच्या मालकीण असलेल्या जिल्हा परिषदेत एकही निवडून आलेला सदस्य नव्हता. त्याआधी ६ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं होतं की चार महिन्यांत निवडणुका घ्या.

गंमत अशी की या मुलानं निवडणुका पाहिल्या नाहीत असं नाही. उलट २०२४ साली इतक्या पाहिल्या की बास. २६ एप्रिलला नांदेड लोकसभेचं मतदान झालं. निवडून आलेले वसंतराव चव्हाण ऑगस्टमध्ये वारले आणि २० नोव्हेंबरला विधानसभेबरोबरच लोकसभेची पोटनिवडणूकही लागली. भोकरच्या मतदारानं त्या दिवशी एकाच खोलीत दोन यंत्रांची बटणं दाबली. लोकसभेचा निकाल दीड हजार मतांच्या आतल्या फरकानं लागला. मताची किंमत शिकवायला याहून नेमकं उदाहरण कुठल्याही विषय समितीला सुचलं नसतं. मतदानाआधी मुलांकडून संकल्पपत्रं भरून घेतली गेली, आई-बाबा, मतदान करा म्हणून. मतदान केंद्र म्हणजे बहुतेक ठिकाणी शाळेचाच वर्ग. केंद्रावरचे अधिकारी म्हणजे शिक्षक. मतदार यादीसाठी घरोघर फिरणारे बीएलओ म्हणजेही पुष्कळदा तेच गुरुजी. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकांना शिक्षणेतर कामं देऊ नयेत असं आहे, अपवाद जनगणना, आपत्ती आणि निवडणूक. म्हणजे निवडणूक प्रक्रियेचा पाठ शिकवणारा माणूस ती प्रक्रिया चालवण्यासाठी वर्गाबाहेर जातो, आणि त्याच्या मागे पाठ राहून जातो. तक्रार नाही, हिशेब सांगतो आहे.

एका वर्षात दिल्लीसाठी दोनदा मतदान, मुंबईसाठी एकदा, आणि नांदेडसाठी शून्य. मुलांच्या नजरेतून लोकशाही कशी दिसत असेल याचा विचार अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी करायला हवा. लांबची ती खरी, जवळची ती पुस्तकातली.

जवळची लोकशाही अगदीच नाही असंही म्हणता येणार नाही. २०१०पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिती दिली, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया. तांड्यावरची आई शाळेच्या खर्चाच्या कागदावर सही करते. अनेक शाळांत बालसंसद असते, शालेय मंत्रिमंडळ असतं. आरोग्यमंत्री नखं तपासतो, शिस्तमंत्री रांगा लावतो. या मंत्र्यांना निदान एक ठराव करता यावा आणि तो मुख्याध्यापकांना नाकारायचा असेल तर कारण सांगावं लागावं, एवढी सोय केली तर दहा पाठांचं काम होईल. आज बहुतेक ठिकाणी ते मंत्रिमंडळ परिपाठापुरतं असतं.

परिपाठ म्हटला की उद्देशिका आलीच. २६ जानेवारी २०२०पासून राज्यातल्या सगळ्या शाळांत उद्देशिकेचं सामूहिक वाचन सुरू करण्याचा आदेश निघाला. शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड होत्या. तसा निर्णय २०१३मध्येही झाला होता, अंमल झाला नव्हता. आता मुलं ती घडाघडा म्हणतात. प्रतिज्ञेचं जे झालं तेच तिचं होईल अशी भीती मला वाटते. पण एवढं मात्र आहे की पाठ झालेली गोष्ट कधीतरी अचानक आठवते, आणि न वाचलेली गोष्ट आठवायचा प्रश्नच येत नाही.

त्यानंतरची वर्षं धावपळीची. २०२३-२४मध्ये दप्तराचं ओझं कमी करायला दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत एकत्र आली, मध्ये लिहायला कोरी पानं. इतिहास-नागरिकशास्त्राची जुनी जोडी त्या वाटणीत विखुरली. कोऱ्या पानांचा हेतू साधला नाही, असं म्हणत शासनानं जानेवारी २०२५मध्ये ही योजनाच मागे घेतली. मग त्याच वर्षी १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा निर्णय, १७ जूनला त्यात बदल, २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती. भोकरमधल्या पहिलीच्या मुलाच्या कानावर शाळेत यायच्या आधीच तीन-चार भाषा पडलेल्या असतात, हे त्या गदारोळात कुणी विचारात घेतल्याचं दिसलं नाही. पण नागरिकशास्त्राच्या बाजूनं पाहिलं तर तो एक उत्तम चालू पाठ होता. शासनानं निर्णय घेतला, लोकांनी विरोध केला, शासनानं मागे घेतला. दहावीच्या पुस्तकातल्या चळवळींच्या पाठाला इतकं ताजं उदाहरण क्वचित मिळतं.

नव्या शैक्षणिक धोरणाला धरून केलेल्या राज्य आराखड्यानुसार पहिलीचा नवा अभ्यासक्रम २०२५-२६मध्ये आला. त्या वेळी जाहीर झालेल्या वेळापत्रकात २०२६-२७ला दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावीचा क्रम आहे. म्हणजे स्थानिक शासन संस्थांचं २०१६चं पुस्तक बदलायचं आहे. एनसीईआरटीनं २०२४मध्ये सहावीला इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांचं एकच पुस्तक केलं. बालभारतीनं तोच मार्ग धरला तर हा विषय इतिहासाच्या पाठीमागून बाहेर येईल, मात्र आणखी एका विषयाच्या शेजारी दाटीनं बसेल.

विषय समितीला भोकरकडून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली: स्थानिक संस्थांच्या पाठात आपल्या तालुक्याचा मजकूर भरायला जागा ठेवा. आपल्या ग्रामपंचायतीचा यंदाचा अर्थसंकल्प किती, पाण्यावर किती, शाळेवर किती, हे मुलानं ग्रामसेवकाला विचारून लिहावं आणि त्याला गुण असावेत. १२मधले दोन दिले तरी चालतील. दुसरी: प्रशासक या माणसावर एक पान खर्च करा. तो कधी येतो, काय करू शकतो, त्याला जाब कुणी विचारायचा. संविधानाच्या अनुच्छेद २४३ ङ प्रमाणे पंचायतीची मुदत पाच वर्षं आहे, त्याहून अधिक नाही, आणि पुढची निवडणूक ती मुदत संपण्याआधी पूर्ण व्हायला हवी. सहावीतल्या मुलाला समजेल इतकं ते वाक्य सोपं आहे.